साचा

गणपती बसले त्या रात्री, म्हणजे २७ ऑगस्ट २०२५ ला, पावणेतीनच्या सुमारास मी फोनवर ‘हाकला याला’ एवढं लिहून पाठवून दिलं. समोर गणपती. पहिल्या रात्री समई विझू द्यायची नाही ही आमच्या घरची पद्धत, आणि त्या वर्षी जागरणाची पाळी मी आपण होऊन मागून घेतली होती. मला एकाएकी इतकी भक्ती कुठून सुचली याची बायकोला शंका आलीच होती. साडेबाराला भाचा लॅपटॉप काखोटीला मारून आला तेव्हा तिला उलगडा झाला. काही न बोलता ती झोपायला गेली. आमच्याकडे हा राग समजला जातो.

फुटबॉलची मॅच होती, ग्रिम्सबी टाउनशी. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतला क्लब, समुद्रकाठचं मासेमारीचं गाव, प्रेक्षकांच्या हातात फुगवलेले प्लॅस्टिकचे मासे. आणि समोर आमचं मँचेस्टर युनायटेड, ज्यांनी त्याच उन्हाळ्यात कुन्या, म्बुमो आणि शेश्को हे तीन फॉरवर्ड आणायला दोनशे मिलियन पौंडांच्या आसपास पैसा ओतला होता. मध्यंतराला ग्रिम्सबी दोन-शून्य पुढे. शेवटच्या पंधरा मिनिटांत म्बुमो आणि मग्वायरने एकेक गोल करून कशीबशी बरोबरी साधली, आणि मग पेनल्ट्या सुरू झाल्या त्या संपेचनात. दोन्हीकडून तेरा-तेरा. शेवटची म्बुमोची आडव्या दांडीवर आदळली. १२-११. भाच्याने लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं, गणपतीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

हरल्याचं एक वेळ सोसलं असतं. युनायटेडच्या मागे लागून मला सव्वीस वर्षं झाली, हरण्याची सवय गेल्या बारा वर्षांत चांगलीच लागली आहे. जिव्हारी लागलं ते निराळंच. मॅच चालू असताना एकदा कॅमेरा कोचकडे वळला. रुबेन अमोरिम. ‘हाकला’ म्हटलं ते यालाच. बाहेर पाऊस कोसळतोय आणि हा डगआउटमध्ये मांडीवर पाटी घेऊन तिच्यावरच्या लोहचुंबकाच्या सोंगट्या इकडून तिकडे सरकवतोय.

“हा काय करतोय?” आप्पांनी विचारलं.

“रचना बदलतोय, आप्पा.”

“बदलतोय, का तीच परत लावतोय?”

आप्पा आमच्या वर राहतात. वय चौऱ्याहत्तर. इंदूरच्या एका कापड गिरणीत जॉबर होते. गिरणी बंद पडली त्याला आता तीन दशकं होत आली, पण तिसऱ्या पाळीची सवय शरीरातून गेली नाही. रात्री एकच्या पुढे त्यांचा डोळा लागत नाही. खाली उजेड दिसला की उतरून येतात. फुटबॉल त्यांना आमच्याइतकं ‘कळत’ नाही. ऑफसाइड अजून कळलेला नाही आणि समजावून घ्यायची इच्छाही नाही. पण माणसं कामाला कशी लावली आहेत हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत दिसतं.

अमोरिमची रचना ३-४-३. मागे तीन, मधे चार, पुढे तीन, असं कागदावर. प्रत्यक्षात मधल्या चौघांतले दोघे कडेकडेने पळणारे, म्हणजे मध्यभागी उरतात दोघेच. बहुतेक संघ तिथे तिघं ठेवतात. तिघांपुढे दोघं कमी पडणार हे सांगायला कोच लागत नाही. आमच्या गल्लीतल्या खेळातसुद्धा हे पोरांना कळायचं. कडेच्या दोघांनी बचावही करायचा आणि हल्लाही, म्हणजे एका पगारात दोन नोकऱ्या. आणि या सगळ्यात ब्रुनो फर्नांडिस, जो गोलच्या तोंडाशी चेंडू पुरवण्यात संघात सगळ्यांत तरबेज, तो त्या मधल्या दोघांत उभा. गोल तिकडे लांब, आणि हा मागे खिंड लढवतोय. २०२४-२५ च्या हंगामात ३८ सामन्यांत ४४ गोल आणि पंधरावा नंबर, ते काही एकट्या दुर्दैवाने झालं नाही.

मी हे सगळं आप्पांना सुपाऱ्या मांडून समजावलं. पूजेच्याच होत्या, चुकलंच माझं. ते बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे साचा याचा आहे, सूत मागल्याचं.”

आप्पा ‘लूम’ म्हणत नाहीत. साचा म्हणतात. त्यांचे वडील मुंबईच्या गिरणीतून इंदूरला आले, तो शब्द त्यांच्याबरोबर आला. बाकी मराठीत साचा म्हणजे मूस, ठसा. गिरणीच्या मराठीत साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. मला त्या रात्रीपर्यंत हे दोन वेगळे शब्द वाटत होते.

जॉबर म्हणजे साचे चालते ठेवणारा माणूस. विणकर चार साचे सांभाळतो, धागा तुटला तर गाठ मारतो, कांडी संपली तर धोट्यात दुसरी घालतो. पण धागे तुटायचं थांबतच नसेल तर जॉबरला हाक जाते. मग आप्पा काय करायचे? साच्याला हात लावण्याआधी सूत चिमटीत धरून बघायचे. मग खळ नीट लागली आहे का. मग भिंतीवरचा दमटपणाचा काटा बघायचे, कारण खात्यातली हवा कोरडी पडली की चांगलं सूतही तटातट तुटतं. इंदूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका, म्हणून तर गिरणीत हवा दमट ठेवायची यंत्रं असायची. हे सगळं ठीक असेल तर पाना काढायचा.

“आणि वीव्हिंग मास्तर?” भाच्याने विचारलं.

“तो दर वर्षा-दोन वर्षांनी नवा यायचा. आला की पहिल्या आठवड्यात सगळे साचे आपल्या पद्धतीने लावायला सांगायचा. सूत तेच. ते बदलायला पैसे लागतात ना.”

सकाळी पोहे खायला गेलो तेव्हा वाद पुन्हा पेटला. आमच्याकडे शोकसभा पोह्यांच्या गाडीपाशीच भरते. जीरावनचा मसाला जास्त मारून घ्यायचा, वर शेव, बाजूला जिलेबी, आणि मग आडवं लावायचं एकमेकांना. चौथा भिडू होता शेजारचा डॉक्टर, आर्सेनलवाला, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती ती बघवत नव्हती. दहाच दिवसांपूर्वी त्याच्या संघाने आम्हाला कॉर्नरवरच्या एका गोलाने हरवलं होतं.

“वेळ द्या रे त्याला,” डॉक्टर म्हणाला. “आम्ही आमच्या कोचला, आर्तेताला, दिलाच ना.”

युनायटेडवाल्यापुढे ‘वेळ द्या’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, आणि मीच ते म्हणालो: फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ मध्ये आमचा कोच म्हणून आला, पहिला चषक १९९० साली, लीग जिंकायला १९९३ उजाडलं. मधे त्यालाही हाकला म्हणणारे होतेच, १९८९ च्या डिसेंबरात तर स्टेडियममध्ये फलक लागले होते. ठेवला म्हणून पुढे तेरा लीग मिळाल्या. मी १९९९ ची फायनल होळकर कॉलेजात असताना मित्राच्या घरी बघितली. बार्सिलोनात बायर्नविरुद्ध नव्वद मिनिटं एक गोल मागे, आणि भरपाईच्या वेळात शेरिंगहॅम आणि सोल्शारचे दोन. त्या रात्री जे डोक्यात शिरलं ते अजून निघालं नाही. माझ्या पिढीला फर्ग्युसन नुसता आवडत नाही, फर्ग्युसनच्या हिशेबाने आम्ही जगतो. सहनशीलतेचं फळ, वगैरे.

भाच्याने जिलेबी संपवली आणि म्हणाला, “मामा, फर्ग्युसनचं नाव तुम्हाला माहीत आहे कारण तो जिंकला. ज्या क्लबांनी सात वर्षं वाट बघितली आणि काही झालं नाही, त्यांच्या कोचांची नावं सांगा.”

मला एकही सांगता आलं नाही. डॉक्टरही गप्प.

हा पोरगा भंवरकुआंला पीएससीचं कोचिंग करतो. इंदूरमध्ये कोचिंग म्हटलं की लोकांना भंवरकुआं आठवतो, खेळ नाही. तीन वर्षांत त्याने दोनदा क्लास बदलला, आणि दोन्ही वेळा मी त्याला ‘टिकून राहा, क्लासला दोष देऊ नको’ असं सुनावलं होतं. त्यामुळे त्याच्या बोलण्यात थोडा मागचा हिशेबही असावा. मी तो उकरला नाही.

पण त्याचं म्हणणं चूक नव्हतं. फर्ग्युसन २०१३ मध्ये गेल्यापासून युनायटेडने कोच बदलण्यात काही कसर ठेवलेली नाही. मॉइसला एक हंगामही पुरा करू दिला नाही. त्याच्या काळात फुलमविरुद्ध एका सामन्यात ऐंशीच्या वर क्रॉस मारले आणि सामना २-२. कडेने जायचं, उंच टाकायचं, परत कडेने जायचं. मग व्हॅन गाल आला, त्याला चेंडू सोडायचाच नव्हता. चेंडू आमच्याकडे आणि झोप प्रेक्षकांना. त्याने २०१६ ला एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला नारळ दिला. मग मोरिन्यो, म्हणजे आधी दार लावा, मग खिडकीतून उडी मारा. मग सोल्शार, प्रतिहल्ल्यावर जगणारा. मग टेन हाग, त्याने दोन चषक जिंकले आणि तोही गेला. मग अमोरिम. हंगामी लोक सोडले तर बारा वर्षांत सहा. बिलबाओला २०२५ च्या युरोपा फायनलमध्ये आम्हाला हरवणाऱ्या टॉटनहॅमनेही सोळा दिवसांत आपल्या कोचला घरी पाठवलं, तेव्हा निदान या रोगाची साथ आहे एवढं तरी समाधान मिळालं.

आता आप्पांचं वाक्य इथे बसवून बघा. क्रॉसवाल्याने उंच माणसं आणली. ताबावाल्याने पाय शांत असलेली आणली. प्रतिहल्लावाल्याने पळणारी आणली. प्रत्येक जण गेला तेव्हा साचा घेऊन गेला आणि सूत मागे ठेवून गेला. नव्या माणसाने दार उघडलं की आत पाच जातींचं सूत, वेगवेगळ्या जाडीचं, काही तर करार संपेपर्यंत कुणीच विकत घेणार नाही असं. आणि आम्ही पोह्यांच्या गाडीपाशी विचारतोय की ताग्यात एवढ्या गाठी कशा.

हे मी पोह्यांच्या वेळी बोललो असतो तर माझी बाजू चांगलीच जड झाली असती. पण रात्री ‘हाकला याला’ लिहून बसलो होतो, आणि भाच्याने ते सगळ्यांना दाखवलंही होतं.

मग इंदूरच्या प्रत्येक खेळाच्या वादाचं होतं तेच झालं, गोष्ट क्रिकेटवर गेली. डॉक्टर म्हणाला, “आपल्या चंदू पंडितचं बघा.” चंद्रकांत पंडित १९९८-९९ च्या रणजी फायनलला मध्य प्रदेशचा कप्तान होता, बंगळुरूला चिन्नास्वामीवर कर्नाटकाकडून हरला. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर तो आपला कोच म्हणून उभा होता, जून २०२२ मध्ये, आणि समोर होती मुंबई. आपण जिंकलो. होळकरांचा संघ चार वेळा रणजी जिंकला होता, शेवटचा १९५२-५३ ला. त्यानंतर इथे जी रणजी आली ती ही. त्या आठवड्यात राजवाड्यापाशी अनोळखी माणसं एकमेकांना ‘भिया, पंडित!’ म्हणत होती. पंडित मऊ माणूस नाही. त्याची शिस्त पसंत नसलेले खेळाडू भरपूर असतील. विदर्भालाही त्याने लागोपाठ दोन रणज्या मिळवून दिल्या, म्हणजे योगायोग म्हणायची सोय नाही.

“बघा, त्याने साचा बदलला नाही,” डॉक्टर म्हणाला, “माणसं घासून त्यात बसवली. अमोरिमही तेच करतोय.”

“पंडितला खेळाडू विकत घ्यावे लागत नव्हते,” भाचा म्हणाला. “पोरं इथलीच. घासायला वेळ होता आणि पोरांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. साठ मिलियनचा माणूस घासून बघा.”

मला दोघांचंही पटलं, आणि वादात हे सगळ्यांत वाईट. मी तेव्हा रहीमसाहेबांचं नाव काढलं. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशाने शिक्षक. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तो त्यांच्या हाताखाली. १९६२ ला जकार्त्यात एशियाड. जर्नैल सिंग भारताचा बचावातला खांब. आधीच्या सामन्यात डोक्याला जखम झालेली, टाके घातलेले. रहीमसाहेबांनी त्याला सेमीफायनल आणि फायनलला चक्क पुढे, सेंटर फॉरवर्ड म्हणून उभं केलं. दक्षिण कोरियाविरुद्ध फायनलमध्ये एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा या जर्नैलचा. २-१, सुवर्णपदक. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगाने गेले. म्हणजे आपल्याकडेच एक माणूस होऊन गेला ज्याने हातात आलेलं सूत बघून साचा फिरवला होता, आणि आपण उदाहरणं फर्ग्युसनच्या स्कॉटलंडमधून आणतो. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याने फोनवर शोधलं आणि बराच वेळ तो जर्नैल सिंगचा फोटो बघत होता.

(भारताचं आत्ताचं विचारू नका. त्याच आठवड्यात खालिद जमीलने कोच म्हणून पहिला सामना जिंकला, ताजिकिस्तानविरुद्ध २-१. तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला भारतीय कोच मिळाला होता. आमच्यात त्यावर दोन वाक्यं झाली आणि परत अमोरिम सुरू. याची लाज वाटते ती अशी कंसातच.)

तीन दिवसांनी, शनिवारी, बर्नलीशी सामना. आप्पा आले होते, बायकोही बसली होती, कारण वेळ माणसांची होती. दोनदा पुढे जाऊन दोनदा बरोबरी सोसली. भरपाईच्या वेळात पेनल्टी मिळाली. आदल्याच रविवारी ब्रुनोने फुलमविरुद्ध पेनल्टी वर मारली होती, त्यामुळे मी स्वयंपाकघरात निघून गेलो. ओरडा ऐकू आला तेव्हा परत आलो. ३-२. त्या क्षणी मला अमोरिमचं सगळं पटलं. कडेचे दोघं किती पळतात! मधले दोघं कसे निभावून नेतात! फोन काढून मी लिहिलं, ‘जरा वेळ दिला पाहिजे.’ वर तीन दिवसांपूर्वीचं माझंच वाक्य तसंच दिसत होतं. मधे फक्त कुणाचे तरी मोदकांचे फोटो.

भाचा काही बोलला नाही. त्याने दोन्ही वाक्यांचा एकत्र स्क्रीनशॉट काढला आणि मला पाठवला. नुसता.

खरं सांगायचं तर बर्नली नव्याने वर चढून आलेला संघ, आणि मधला भाग तितकाच मोकळा होता जितका ग्रिम्सबीत होता. रचनेत सुतभर फरक नव्हता. फरक एका पेनल्टीचा. तिथे एक दांडीवर गेली, इथे एक आत गेली, आणि मी तेवढ्यावर एका माणसाची नोकरी घेऊन परत दिली. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “आमचा मालकही असाच होता. महिन्याचा ताळेबंद बघून मास्तरशी बोलायचा, नाहीतर बोलायचाच नाही.” मग थोडं थांबून, “खात्यात कधी आला नाही.”

अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, आम्ही झांक्या बघायला गेलो. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं: इंदूरच्या गिरण्या बंद होऊन जमाना झाला, पण त्यांच्या झांक्या निघतात. शंभर वर्षांची परंपरा. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, जिथे आता एक साचाही हलत नाही त्या गिरण्यांच्या नावाने रात्रभर दिव्यांच्या गाड्या निघतात, पुढे आखाड्यांची पोरं पट्टा फिरवत. महापालिका थोडी मदत करते, बाकी वर्गणी. हुकुमचंद १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांना त्यांचे पैसे मिळाले डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. त्या बत्तीस वर्षांतही झांकी निघतच होती. गिरणीच्या आवारात म्हातारे लोक महिना महिना बसून लाकडी सांगाडे, मोटरी, पट्टे, बल्ब जोडत असतात. आप्पाही गेली दोन वर्षं सोडली तर जायचे.

जेल रोडला खुर्ची टाकून बसलो. बारा वाजून गेले तेव्हा आप्पांच्या गिरणीची झांकी आली. कृष्ण गोवर्धन उचलतो, खाली गोप-गोपी, गाई माना हलवतात, वर इंद्राचा ढग आणि दिव्यांचा पाऊस. गाई हलत होत्या, पाऊस पडत होता. कृष्णाचा हात अर्ध्यावर अडकला होता. गोवर्धन कमरेइतका वर, आणि तिथेच थरथर करत.

गाडी थांबली. दोन जण खाली सरपटत गेले. बाजूला आठ-दहा पांढऱ्या केसांची माणसं जमली आणि वाद सुरू झाला. पट्टा ढिला आहे. नाही, कॅम घासलाय. मागल्या वर्षी ज्याने बसवलं त्याने असं कधी झालं नव्हतं, यंदा नवा माणूस कशाला आणला? नव्याला काय विचारता, सांगाडा जुना दिला त्याला. एक जण तर म्हणाला, गोवर्धन घ्यायलाच नको होता, कालियामर्दन सोपं पडतं.

मी आणि भाचा एकमेकांकडे बघत होतो. मला वाटलं, आता आप्पा उठतील आणि सूत चिमटीत धरल्यासारखं काहीतरी शहाणपणाचं बोलतील. ते उठले. काठी टेकत गाडीपर्यंत गेले, कान लावून दोन मिनिटं ऐकलं.

“मोटर गेलीय,” ते ओरडून म्हणाले. “काढून फेका ती. दुसरी लावा.”

दुसरी मोटर नव्हती. मागून पुढच्या गिरणीच्या ढोलांचा आवाज जवळ येत होता, पोलीस शिट्ट्या मारत होते. शेवटी ट्रॅक्टरवाल्याने गाडी हलवली आणि गोवर्धन कमरेइतक्याच उंचीवर राजवाड्याच्या दिशेने गेला. लोकांनी तरी हात जोडले.

आप्पा परत येऊन खुर्चीत बसले. घाम आला होता. भाच्याने पाण्याची बाटली पुढे केली.

“आपली पुढची कधी आहे?” त्यांनी विचारलं.

“चौदाला, आजोबा. रविवारी. सिटीशी.”

“रात्रीची?”

“नऊची.”

“मग जेवूनच येतो,” आप्पा म्हणाले, आणि पुढची झांकी कुणाची ते बघायला मान उंच केली.